वृक्षांचे शास्त्र आणि मनुष्याचा धीर

गहू पेरला की चार महिन्यांत पीक हाती येते. वृक्षाचे तसे नाही. बी रुजल्यापासून पहिला फुलोरा येईपर्यंत कित्येक वर्षे लोटतात आणि दोन-तीन पिढ्यांचे गुण पारखण्यातच संशोधकाचे आयुष्य सरते. म्हणूनच आनुवंशिकतेचे शास्त्र वाटाणा, मका आणि फळमाशी यांच्या आधाराने वाढले. वृक्ष मात्र मागे राहिले. पेशीतील डीएनए वाचण्याची विद्या साध्य झाली, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली. 2006 साली पॉप्लर जातीच्या एका झाडाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. वृक्षांत तो पहिलाच होय. आता रोपाच्या कोवळ्या पानावरूनही त्याच्या काही गुणांचा अंदाज बांधता येतो.

या विद्येचे बळ आणि तिच्या मर्यादा अमेरिकन चेस्टनटच्या कथेत एकत्र दिसतात. अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगराळ अरण्यांत हा वृक्ष एके काळी विपुल होता. त्याची फळे माणसे व वन्य प्राणी आवडीने खात, आणि सहसा न कुजणारे त्याचे लाकूड घरांना व कुंपणांना उपयोगी पडे. 1904 साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील झाडांवर एक बुरशी आढळली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर ती आली होती. सालीच्या जखमेतून ती आत शिरते, ऑक्झॅलिक आम्लाने पेशी मारते आणि खोडाला वेढा घालते. सुमारे पन्नास वर्षांत अब्जावधी झाडे नष्ट झाली. कित्येकांची मुळे तेवढी जगली. त्यांना आजही कोंब फुटतात आणि ते मोठे होताच बुरशी त्यांना पुन्हा गाठते.

चिनी चेस्टनटमध्ये या रोगाशी झुंजण्याची शक्ती असते. तिच्याशी संकर करून दोन-तीन जनुके आणली की काम होईल, अशी प्रथम आशा होती. परंतु ही शक्ती अनेक जनुकांत विखुरलेली आहे, असे डीएनएच्या अभ्यासाने दाखवून दिले. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी त्या आम्लाचे विघटन करणारे गव्हातील एक जनुक चेस्टनटमध्ये घातले. रोपे टिकतील असे वाटत असतानाच, 2023 साली निराळेच सत्य बाहेर आले. ज्या वाणाची परीक्षा चालली होती, तो मूळचा वाण नव्हताच. नजरचुकीने दुसराच वाण वाढविला गेला होता. त्यातील नवे जनुक झाडाच्या एका जनुकात मध्येच जाऊन बसले होते. रोपांची वाढही समाधानकारक नव्हती. त्यामुळे एका प्रमुख संस्थेने आपला पाठिंबा काढून घेतला.

यावरून काहीजण म्हणतील, अरण्यात मनुष्याने हात घालूच नये. हे म्हणणे पुरते पटण्याजोगे नाही. बुरशी आपल्या पायांनी समुद्र ओलांडून आली नव्हती; मनुष्याच्या व्यापाराने ती आणली. जखम ज्याने केली, त्यानेच मलमपट्टी करणे न्याय्य होय. शिवाय ही चूक उघडकीस आली, तीही डीएनएच्याच तपासणीने. दोष विद्येचा नव्हे. तपासणी उशिरा झाली, हाच दोष होय.

सदोष बियाण्याची पेरणी पुढल्या हंगामात थांबविता येते. अरण्यात रुजलेला वृक्ष मात्र शतकभर उभा राहतो आणि आपले परागकण दूरवर पाठवितो. त्याची कसोटी दोन-चार ऋतूंत आटोपता कामा नये. आधी नीट वाचावे, मग बदलावे, आणि बदललेले पुनःपुन्हा पारखावे. वृक्षांच्या सेवेस निघालेल्याने वृक्षाचा धीर प्रथम अंगी बाणविला पाहिजे.