निकालापलीकडचे आकाश

बारावीचे निकाल लागले की लातूर आणि नांदेडचा गौरव होतो. ‘लातूर पॅटर्न’ने डॉक्टर आणि अभियंते घडविले, हे यश निर्विवाद आहे. मात्र या गुणवत्तेतून मूलभूत विज्ञानाकडे वळणारे विरळाच.

कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ चिटणीस विश्वकिरणांच्या संशोधनाकडे वळले आणि पुढे थुंब्याच्या अग्निबाण केंद्राच्या उभारणीत अग्रभागी राहिले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून झेपावलेल्या अग्निबाणाने सोडियमची वाफ सोडली. तिच्या सरकण्यावरून उच्च वातावरणातील वारे मोजले गेले. अग्निबाणाची मापणी काही मिनिटांची, उपग्रहाची वर्षानुवर्षांची. १९९४ साली प्रक्षेपित झालेल्या ‘स्रॉस-सी२’वरील स्वदेशी उपकरणाने आयनांबरातील तापमान आणि घनता कित्येक वर्षे नोंदविली. लघुलहरींना परतविणारा आणि दिशादर्शक उपग्रहांच्या संदेशांना विलंब घडविणारा थर तो हाच.

त्याच वर्षी नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले. उपकरण केवळ आकडे देते. त्यांचा अर्थ लावण्यासाठी आयुष्य वेचणारी माणसे लागतात. अशा वाटेवर निघालेल्या विद्यार्थ्याला ‘पुढे नोकरीचे काय?’ असे विचारून परावृत्त करण्याऐवजी पालकांनी व शिक्षकांनी त्याच्या पाठीशी उभे राहावे. उज्ज्वल निकालांची परंपरा त्यानेच सार्थ होईल.