शेवटच्या निर्णयासाठी शिकलेला माणूस हवा



गेल्या वर्षी रात्री अकराला मुसफ्फात फोन वाजला. गावाकडच्या अतिदक्षता विभागातून डॉक्टर विचारत होते, "बाबांचा व्हेंटिलेटर चालू ठेवायचा का? तुम्ही थोरले, तुम्हीच सांगा." आई एक म्हणत होती, धाकटा भाऊ दुसरे. बाबांची इच्छा काय होती, हे कोणी विचारलेच नाही. आमच्या प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज चालवायलाही प्रशिक्षण लागते!

अरुणा शानबाग खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला. २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये नियम सुटसुटीत झाले : डॉक्टरांची दोन मंडळे, तज्ज्ञांना किमान ५ वर्षांचा अनुभव. पण हा अनुभव वैद्यकाचा. घरच्यांचे मतभेद ऐकून रुग्णाची इच्छा शोधण्याचा नव्हे.

अमेरिकेत रुग्णालयातल्या नैतिक पेचांत सल्ला देणाऱ्यांसाठी २०१८ पासून प्रमाणपत्र परीक्षा आहे. तिला बसायला ४०० तासांचा अनुभव लागतो. परीक्षेने शहाणपण येतेच असे नाही, हे मान्य. आपल्याकडे मनुष्यबळ अपुरे आहे, हेही खरे. म्हणून नवे पद नको. परिचारिका आणि वैद्यकीय समाजसेवकांनाच हे प्रशिक्षण द्यावे. अरुणाताईंना चार दशके परिचारिकांनीच सांभाळले.

आपण देणग्यांतून यंत्रे पाठवतो. यंदा अशा एखाद्या प्रशिक्षणवर्गाचा खर्च उचलू या. आणि सुट्टीत घरी गेलात, की आईवडिलांना त्यांची इच्छा विचारा. मी विचारली नव्हती.