ग्रहण चंद्राचे की आमच्या बुद्धीचे?

‘दे दान, सुटे गिराण!’ ही आरोळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तिच्यातील अपमान समजावून सांगावयास नको. ग्रहण लागले की महार-मांगांनी गल्लोगल्ली फिरावे, सवर्णांनी विटाळ टाळून दुरून धान्य आणि जुनेर टाकावे, व त्या दानाने राहूच्या तावडीतून चंद्र सुटावा, अशी ही व्यवस्था होती! पूज्य बाबासाहेबांच्या शिकवणीने ती झोळी आपण फेकून दिली.

परंतु बंधू-भगिनींनो, झोळी गेली तरी राहू घरातून गेला आहे काय? ग्रहणाच्या रात्री त्रिशरण घेणाऱ्या कित्येक घरांतही गर्भवती सुनेला अंधाऱ्या खोलीत उपाशी बसविले जाते. तिने विळीला हात लावला तर मूल व्यंगी निपजेल, असे सांगितले जाते. ज्या असत्याने आपणांस भिकारी केले, त्याच असत्याला आपल्या सुनेचे ताट काढून द्यावयाचे काय?

वस्तुस्थिती काय आहे? पौर्णिमेस पृथ्वी ही सूर्य व चंद्र यांच्यामध्ये येते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने बहुतेक पौर्णिमांस चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून वा खालून निघून जातो. या दोन कक्षांच्या छेदनबिंदूंनाच ज्योतिषात राहू-केतू म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याजवळ असला की तो सावलीत शिरतो. हेच ग्रहण. ७ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री ११ वाजता भारतभर खग्रास अवस्था सुरू झाली व ८२ मिनिटांनी संपली. ही वेळ पंचांगकर्ते आधीच गणिताने काढतात. वेळापत्रकाप्रमाणे भूक लागणारा दैत्य कोणी पाहिला आहे काय?

यावर कोणी म्हणेल, ‘चंद्रामुळे समुद्राला उधाण येते, मग गर्भावर परिणाम का होऊ नये?’ हा युक्तिवाद टिकत नाही. उधाण येते ते चंद्र-सूर्यांच्या एकत्रित ओढीने. ते दर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते, ग्रहण असो वा नसो. सावलीने मात्र ना पाणी हलते, ना गर्भ. जो आरोप करतो त्याने पुरावा द्यावा, हा न्यायाचा साधा नियम आहे. सावलीविरुद्ध पुरावा नाही. गर्भवतीला उपाशी ठेवणाऱ्याविरुद्ध मात्र तिचे रिकामे पोटच साक्ष देते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपल्या समाजाने धम्म स्वीकारला, तो केवळ देव्हाऱ्यातील मूर्ती बदलण्यासाठी नव्हे. १९७६ पासून तर वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे घटनेनेही नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. चंद्रग्रहण पौर्णिमेसच येते, आणि पौर्णिमा हा आपल्या वंदनेचा दिवस. तेव्हा पुढील ग्रहणाच्या रात्री बुद्धवंदना करा, सुनेला आधी पोटभर जेवू घाला, आणि तिच्यासह साऱ्यांनी अंगणात बसून पृथ्वीची सावली पाहा. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहण्यात अपाय नाही. सूर्यग्रहणास मात्र योग्य चष्मा हवाच. चंद्र आपल्या गतीने सुटेल. आपण मात्र आपल्या बुद्धीनेच सुटले पाहिजे.

जयभीम!