परमुलखांतील वाटाड्या

आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांत परदेशप्रवास ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. एके काळीं काशीस जाऊन येणें म्हणजे जन्माचें सार्थक वाटे. आज निवृत्त मुख्याध्यापक आणि त्यांच्या सौभाग्यवती इस्तंबूल, कैरो, समरकंद पाहून येतात आणि तेथील छायाचित्रें आप्तेष्टांस हौसेनें दाखवितात. ही गोष्ट आनंदाची आहे. सर्व पैसा जमीनजुमल्यांत न गुंतवतां त्यांतला कांहीं जग पाहण्यांत खर्चावा, असें ज्या वर्गाला वाटूं लागलें तो वर्ग पुढें पाऊल टाकीत आहे, याविषयीं मला शंका नाहीं. माझी तक्रार आहे ती त्यांच्या जाण्याच्या पद्धतीविषयीं. पुण्याहून निघालेली चाळीस माणसांची टोळी, तिचा पुणेरी व्यवस्थापक, बरोबर घेतलेला आचारी, सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या वरणभातापर्यंत आंखून दिलेला क्रम, आणि बसच्या कांचेपलीकडे पसरलेला देश! या थाटानें आठ दिवस हिंडून परत आलेल्या गृहस्थाला त्या देशांतील एकाहि माणसाचें नांव सांगतां येत नाहीं. घरकोंबडेपणाच तो विमानांत घालून नेतो आणि तसाच परत आणतो.

विशेषतः मुसलमानी देशांत जाणाऱ्या मराठी कुटुंबानें ही टोळी सोडावी, आणि चार माणसांपुरती मोटार, त्या देशाचा चालक व त्या देशाचा वाटाड्या घेऊन तो देश पाहावा, असें माझें स्पष्ट मत आहे. तें पुष्कळांस रुचणार नाहीं, म्हणूनच येथें सविस्तर मांडतों.

मी राहतों लोणावळ्यास. त्यामुळें प्रवासी म्हणजे काय वस्तु असते, हें यजमानाच्या ओट्यावर बसून पाहण्याची संधि मला बारमाही मिळते. पावसाळ्यांतल्या रविवारीं मुंबईपुण्याच्या मोटारींची रांग घाटापर्यंत लागते. पाहुणा येतो, भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजतो, टायगर पॉइंटवर धुकें पाहतो, चिक्कीचे पुडे बांधून घेतो आणि मावळ पाहिला म्हणून घरीं सांगतो. कार्ल्याचें चैत्यगृह, भाज्याचें लेणें, बेडशाचे उंच खांब, लोहगडाचा विंचूकाटा हें सर्व तेथेंच राहतें. जुलै 2025 मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत घातलें, त्यांत लोहगड आहे. परंतु त्या गडाची एकेक वाट ज्यांच्या पायांखालची आहे, त्या पायथ्याच्या गांवकऱ्याला दोन घटका बरोबर घ्यावें असें शंभरांतल्या कितीजणांस सुचतें?

हें न सुचणें केवळ ज्ञानाला मुकवितें असें नाहीं. 30 जून 2024 रोजीं भुशी धरणामागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्या दुर्दैवी कुटुंबाला दोष देण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खालच्या ओढ्यांत किती लवकर आणि किती जोरानें उतरतो, हें परक्या माणसाला कळावें तरी कसें? तें कळतें कुरवंड्याच्या नाहींतर वळवणच्या माणसाला. परमुलखांत शिरतांना तेथल्या माणसाचा हात धरावा, हा नियम आम्ही मावळकर इतरांस सांगतों. मग स्वतः परमुलखांत गेल्यावर तो कां विसरतों?

याचें खरें उत्तर भीति हें आहे, आणि तें उत्तर सरळपणें कबूल केलें पाहिजे. लंडनास गेलेला आमचा गृहस्थ हातांत नकाशा घेऊन भुयारी आगगाडींत बेधडक शिरतो. तोच कैरोस गेला कीं त्याला एकोणचाळीस मराठी माणसांचें कडें आपल्याभोंवतीं लागतें. मुसलमान मनुष्य आम्हांला ठाऊक आहे तो इतिहासाच्या पुस्तकांतला शत्रु म्हणून, निवडणुकींतला प्रश्न म्हणून, फार तर गल्लीपलीकडचा शेजारी म्हणून. यजमान म्हणून तो आम्हांला ठाऊकच नाहीं. ज्याच्या घरीं आपण पाहुणे, ज्याच्या शब्दावर आपला दिवस अवलंबून, अशा नात्यानें त्याच्याशीं आमची कधीं गांठच पडलेली नसते. ही गांठ पडण्याची जी एकुलती एक संधि प्रवास देतो, तीच आम्ही दाम मोजून टाळतों.

आणि ही भीति कोणाला वाटावी? ज्यांच्या आडनांवांत फारसी मुरलेली आहे त्यांना! फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश करवून दरबारी फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. तरीहि आमच्या घरांतून, बाजारांतून, रस्त्यांतून ते शब्द गेले नाहींत, आणि 'बाजार' व 'रस्ता' हे शब्दहि त्यांतलेच. इस्तंबूलच्या खाणावळींत जेवणाचे पैसे किती झाले हें विचारावयाचें तर 'हेसाप' मागतात. तो आमचा 'हिशेब'च होय. साबण, कागद, मैदान, दुकान, दुनिया हे शब्दहि थोड्या उच्चारभेदानें तेथें भेटतात. परंतु हे भेटावयाचे तर दुकानांत शिरून बोलावें लागतें. व्यवस्थापकानें चाळीस जणांचें बिल एकदम चुकतें केल्यावर ते भेटत नाहींत.

टोळीचे कैवारी म्हणतील कीं आमच्याहि बसमध्यें स्थानिक वाटाड्या असतोच. असतो, आणि तो कायद्यानें असतो. इजिप्तमध्यें प्राचीन स्थळांची माहिती सांगण्याचा अधिकार परवानाधारक इजिप्शियन वाटाड्यांनाच आहे. तुर्कस्ताननें तर या व्यवसायासाठीं 2012 सालीं स्वतंत्र कायदा केला. हे वाटाडे शिकलेले असतात. परंतु चाळीस माणसांसमोर ध्वनिवर्धक धरून उभा केलेला विद्वान काय करणार? तो सनावळ्या म्हणतो, व्यवस्थापक त्याच्या दहा वाक्यांचें मराठींत एक वाक्य करतो, आणि मागच्या रांगेंत कोणी विचारतो कीं स्वच्छतागृह कोठें आहे. तोच वाटाडी चार माणसांबरोबर असला कीं संभाषण सुरू होतें. समरकंदास उलुघ बेगच्या वेधशाळेंत मीं हें अनुभवलें. आमच्या वाटाड्यानें पंधराव्या शतकांतल्या त्या राजाची तारकासूचि वर्णन केली. मीं त्याला सांगितलें कीं तीनशें वर्षांनीं आमच्या जयपूरच्या जयसिंगानें आपलीं कोष्टकें करतांना हीच सूचि आधाराला घेतली. पुढचा एक तास तो विचारीत होता आणि मी सांगत होतों.

मोटारचालकाचें महत्त्व तर वाटाड्याहूनहि अधिक आहे, कारण त्याला व्याख्यान द्यावयाचें नसतें. एका रमजानांत आम्ही चौघें फय्यूमहून कैरोकडे परतत होतों. आमचा चालक दिवसभर पाण्याचा थेंबहि न घेतां मोटार हांकीत होता. शहराच्या तोंडाशीं सूर्य मावळला, आणि चौकांत उभीं असलेलीं तरुण मुलें येणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या खिडकींतून खजूर आणि पाणी आंत देऊं लागलीं. वाटेंत अडकलेल्या माणसाचा उपास वेळेवर सुटावा म्हणून. चालकानें हातांत आलेला पहिला खजूर मागें बसलेल्या माझ्या पत्नीस दिला आणि मग आपला उपास सोडला. पुढें रस्त्याच्या कडेला लांब मेजें मांडून कोणालाहि फुकट जेवूं घालणारी पंगत बसली होती. रमजानांत कैरोभर अशा पंगती बसतात. त्यांना 'माइदत अर्-रहमान', म्हणजे दयाळू परमेश्वराची पंगत म्हणतात. आमच्या चालकानें आम्हांला तेथें बसविलें. जात, धर्म, देश कोणीं विचारला नाहीं. देहूहून तुकोबांची पालखी निघाल्यावर वाटेवरच्या गांवांनीं वारकऱ्यांना ज्या हातानें वाढावें, तोच हात मला तेथें दिसला. त्याच घटकेस एखाद्या हॉटेलांत एखादी मराठी टोळी आपल्या आचाऱ्याच्या हातची आमटी भुरकीत बसली असेल. तिच्या बाजूनें विचार केला तर कैरो शहर त्या रात्रीं तेथें नव्हतेंच.

आतां आक्षेपांकडे वळतों. पहिला आक्षेप अन्नाचा. शाकाहारी माणसाचे हाल होतात, असें सांगण्यांत येतें. इजिप्तचा सामान्य मनुष्य रोज जें खातो त्यांत भोपळ्याएवढ्या हंड्यांत शिजवलेल्या घेवड्यासारख्या दाण्यांचें 'फूल' आहे, त्याच दाण्यांचीं वडीं म्हणजे 'तामिया' आहे, आणि तांदूळ, मसूर, मॅकरोनी यांवर तळलेला कांदा घातलेली 'कोशरी' आहे. उझबेकिस्तानांत मांसाचें प्रमाण अधिक, हें खरें. परंतु तेथेंहि तंदुरी रोटी, फळें आणि भोपळ्याचा सामोसा मिळतो. तो कोठें मिळतो हें चालकाला ठाऊक असतें, पुण्याच्या आचाऱ्याला नव्हे.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. गालिच्यांचीं, पपायरसचीं, अत्तराचीं दुकानें आणि त्यांतली वाटाड्याची दलाली हा प्रकार खरा आहे. परंतु टोळीची बस त्याच दुकानांपाशीं थांबते, आणि तेथें नाहीं म्हणण्याचें स्वातंत्र्य एकट्यादुकट्याला उरत नाहीं. खाजगी मोटार घेणाऱ्यानें निघण्यापूर्वींच लेखी ठरवावें: रोजचे तास किती, इंधन, पथकर व मोटारतळाचे पैसे कोणाचे, चालकाच्या जेवणाची व मुक्कामाची सोय कोणाकडे, आणि दुकानें मुळींच नकोत. वाटाड्याचा परवाना पाहावा. एवढें केल्यावर फसण्याचा संभव लोणावळ्यांत फसण्यापेक्षां फारसा अधिक राहत नाहीं. खर्च कांहीं वेळां अधिक पडतो. पडला तर दोन दिवस कमी राहावें. ज्यांची प्रकृति नाजुक आहे अशा वृद्धांनीं टोळीबरोबर जावें, त्यांच्याशीं माझा वाद नाहीं.

तिसरा आक्षेप स्त्रियांच्या सुरक्षिततेचा. ज्या भागांत युद्ध किंवा दंगल चालू आहे तेथें पुरुषानेंहि जाऊं नये, आणि सरकारी सूचना वाचल्यावांचून कोणींच निघूं नये. परंतु जेथें शांतता आहे तेथें भिण्याचें कारण काय? 'तुर्कनामा', 'इजिप्तायन' आणि 'गाथा इराणी' हीं पुस्तकें मीना प्रभु या मराठी स्त्रीनें लिहिलीं आहेत, आणि तीं तुमच्याआमच्या घरच्या कपाटांत आहेत. तीं वाचून कौतुक करावयाचें आणि स्वतः मात्र कळपांत शिरावयाचें, ही संगति मला लागत नाहीं.

चवथा आक्षेप सर्वांत गंभीर. 22 एप्रिल 2025 रोजीं पहलगामजवळ बैसरन येथें 26 माणसें मारलीं गेलीं. त्यांत महाराष्ट्रांतील पर्यटकहि होते. त्यानंतर मे महिन्यांत तुर्कस्तानच्या सहलींवर बहिष्कार पडला आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनीं तुर्की सफरचंदें नाकारलीं. राष्ट्रानें राष्ट्राशीं कसें वागावें, हा प्रश्न वेगळा. ज्याला जावयाचें नाहीं त्यानें खुशाल न जावें. परंतु त्या 26 जणांत एक स्थानिक मुसलमान घोडेवालाहि होता, पर्यटकांना डोंगरावर नेऊन पोट भरणारा. त्या दिवशीं पाहुणा आणि वाटाड्या एकाच गोळीबारांत पडले, हें विसरून सर्वच स्थानिक माणसांवर संशयाचा शिक्का मारणें म्हणजे त्या मृत्यूचा अर्थ उलटा लावणें होय.

मावळच्या माणसाला तर हा संशय मुळींच शोभत नाहीं. भोरघाटाची वाट ही कोंकणांतल्या बंदरांतून देशावर येणाऱ्यांची जुनी वाट. कार्ल्याच्या चैत्यगृहांतले खांब निरखून पाहा. सुमारे 1,900 वर्षांपूर्वीं ते कोरविण्यास ज्यांनीं द्रव्य दिलें त्यांत धेनुकाकट गांवचे, स्वतःला यवन म्हणविणारे अनेक दाते आहेत. त्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत खांबांवर आहेत. ज्यांच्या कुळाचें मूळ परदेशांत, त्यांनीं येथल्या भिक्षूंच्या धर्मालयाला आधार दिला आणि येथल्याच भाषेंत तें लिहून ठेवलें. त्यांनीं आपल्या भोंवतीं कडें केलें असतें तर आज त्या खांबांवर त्यांचें नांव नसतें.

म्हणून येत्या हिवाळ्यांत जें कुटुंब कैरो किंवा समरकंद यांचा बेत करीत असेल, त्याला माझी एक सूचना आहे. आधीं एक रविवार मावळांत घालवावा. भाज्याचा किंवा बेडशाचा एखादा गांवकरी बरोबर घ्यावा, त्याचा मोबदला आधीं ठरवून पुरता द्यावा, त्याच्याच घरीं पिठलें-भाकरी खावी, आणि दुपारभर आपण कमी बोलून त्याला बोलूं द्यावें. ज्या कुटुंबाला हें साधेल त्याला कैरोंत मोटारचालकाशेजारीं बसणें जड जाणार नाहीं. आणि ज्याला हें साधणार नाहीं, त्यानें विमानाच्या तिकिटाचे पैसे शिल्लक ठेवावेत.