मागणीपत्र: पर्सेंटाइलसोबत गुण आणि परीक्षार्थींची संख्याही द्या

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
जिल्हा परिषद, जालना

महोदय,

घनसावंगी तालुक्यातील एक पालक आमच्या बैठकीला मुलाच्या निकालाची चिठ्ठी घेऊन आले. नववीच्या प्रवेशासाठी एका खासगी शाळेने परीक्षा घेतली होती. खिशात राहून मऊ पडलेल्या त्या कागदावर मुलाचे नाव, आसन क्रमांक आणि ‘पर्सेंटाइल 84’ एवढेच होते. “लेकराला चौऱ्याऐंशी टक्के पडले, मग नंबर कसा लागला नाही?” हा त्यांचा प्रश्न.

शाळेत विचारल्यावर तोंडी कळले: परीक्षेला बसलेली मुले 50, जागा 5, मुलाचे गुण 100 पैकी 46. त्याला धरून 42 मुलांना 46 किंवा त्याहून कमी गुण होते, 8 जण पुढे होते. 84 चा अर्थ एवढाच. पहिल्या आलेल्या मुलाला 52 गुण असते, तरी त्याच्या चिठ्ठीवर 100 पर्सेंटाइल छापून आले असते.

पर्सेंटाइल मुळातच चुकीचे आहे, असे आम्ही म्हणत नाही. एमएचटी-सीईटीचा निकाल 2019 पासून पर्सेंटाइलमध्ये लागतो, त्याला कारण आहे. तिथे लाखो विद्यार्थी वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर सोडवतात. एखादे सत्र सोपे जाते, एखादे अवघड. एका हॉलमध्ये, एका दिवशी, एकच पेपर घेणाऱ्या शाळेला गुण झाकून पर्सेंटाइल देण्याची गरजच काय? शिवाय 50 मुलांत एक मूल म्हणजे 2 पर्सेंटाइल. समजा 46 गुणांवर चार मुले असतील, तर 45 गुणवाल्याचे पर्सेंटाइल थेट 76 होते. एका गुणाला 8 चा फरक! आणि त्या आकड्यावरून घरात मूल हुशार की ढ, हे ठरते. याचे आम्हाला फार वाईट वाटते.

आमची पहिली मागणी कायद्याचीच आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 13 नुसार 6 ते 14 वयाच्या बालकाला प्रवेश देताना चाळणी परीक्षा घेता येत नाही. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही पाचवी-सहावीच्या प्रवेशासाठी ‘चाचणी’ घेतली जाते. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी आठही तालुक्यांत प्रवेशाच्या हंगामातच याची तपासणी करावी. तक्रारीची वाट पाहू नये. मुलाला त्याच शाळेत शिकवायचे असल्याने पालक तक्रार करायला धजत नाहीत.

जिथे परीक्षा कायद्याने घेता येते, तिथे निकालाच्या चिठ्ठीवर मिळालेले गुण, एकूण गुण, परीक्षेला बसलेल्यांची संख्या, जागा आणि शेवटच्या प्रवेशाचे गुण मराठीत छापावेत. पर्सेंटाइल द्यायचेच असेल, तर ‘ही टक्केवारी नाही’ हे त्याच ओळीत लिहावे. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर आहेत, पण चिठ्ठीचा हा नियम त्यांनाही लावावा.

मागणाऱ्या पालकाला सात दिवसांत उत्तरपत्रिका दाखवावी. वर सांगितलेल्या मुलाने ती अजून पाहिलेली नाही. शाळेचे नाव सोबतच्या बंद पाकिटात आहे. चालू महिन्यातच त्या मुलाला उत्तरपत्रिका दाखवण्याचे आदेश द्यावेत.

आपले,
जालना जिल्ह्यातील संघटित पालक