कॅमेऱ्याचे तोंड कुणीकडे?

दुकानाच्या छताला लटकलेला कॅमेरा आता गल्ल्यामागच्या देवाच्या तसबिरीइतकाच ओळखीचा झाला आहे. दारावर, गल्ल्यावर, मालाच्या फडताळांवर तो असला तर कुणाची हरकत नाही. दुकानदाराचा माल चोरीला जातो, तशी गिऱ्हाइकाची पर्सही जाते. पण त्याचे तोंड कुणीकडे आहे आणि टिपलेले चित्र कोण पाहतो, हे विचारायला आपण संकोचतो.

एप्रिल २०१५मध्ये गोव्यात कांदोळी येथील एका नामांकित कपड्यांच्या दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी खरेदीला गेल्या होत्या. कॅमेऱ्याचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे असल्याची तक्रार पोलिसांकडे गेली. कॅमेरा लपवलेला नसून विक्रीच्या जागेवर लक्ष ठेवण्यासाठी होता, असे कंपनीचे म्हणणे होते. तक्रार मंत्रीबाईंची, म्हणून देशभर गाजली. एखाद्या गृहिणीला 'ताई, तो बंदच आहे' असे सांगून वाटेला लावले असते!

कायदा मात्र गृहिणीलाही तोच आहे. स्त्रीला खासगी स्थितीत चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा २०१३पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७मध्ये आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे कैद, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

आरशाला नख टेकवून पाहण्याची युक्ती मैत्रिणी एकमेकींना सांगतात, पण तिच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा खोलीतला दिवा मालवून, तळहातांचा आडोसा करून आरशाला डोळे भिडवा. पलीकडे उजेड असेल तर दिसेल. छताचे कोपरे, झरोके आणि दाराच्या वरची मोकळी जागाही पाहा. कॅमेरा बाहेर असला, तरी तिथून आत डोकावता येते.

शंका आली तर काउंटरवर हुज्जत घालत बसू नका. व्यवस्थापकाला लेखी कळवा, चित्रण जपून ठेवायला सांगा आणि त्याच दिवशी पोलिसांकडे जा. घाई एवढ्यासाठी की यंत्रातली जागा भरली, की नवे चित्रण आपोआप जुन्यावर चढते.