विश्लेषण : पेल्टिअर चिलरने संगणक थंड, पण खोलीचे काय?

मे महिन्यात नांदेड, लातूरचा पारा चाळिशी ओलांडतो. साध्या वॉटर कूलिंगमध्ये पाणी खोलीच्या तापमानाखाली जात नाही. पेल्टिअर चिलर ते करू शकतो. १८३४ मध्ये सापडलेल्या तत्त्वानुसार, वीज सोडताच चकतीची एक बाजू गार, दुसरी गरम होते. गार बाजू पाणी थंड करते.

मेख इथेच आहे. प्रोसेसरची १०० वॅट उष्णता ओढताना चकतीने १०० वॅट वीज घेतली, तर २०० वॅट उष्णता त्याच खोलीत पडते. पावसाळ्यात थंड नळीवर पाणी सुटून मदरबोर्ड शॉर्ट होण्याचा धोका वेगळाच.

त्यामुळे ओव्हरक्लॉकिंगच्या प्रयोगाला चिलर ठीक; रोजच्या वापराला धूळ साफ करणे, नवी थर्मल पेस्ट आणि गरम हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखाच परवडतो.